सीगिटच्या यादीतली वेळ खरी करताना: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आमच्या सर्व्हरवर सीगिट चालतं. गिट फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवतं, एकेका प्रकल्पाचा असा साठा म्हणजे रेपो, आणि हे रेपो वेबवर दाखवणारा प्रोग्राम म्हणजे सीगिट. मराठी शब्दतपासणीची शब्दयादी, कीबोर्डचे आराखडे, फाँट बांधायच्या स्क्रिप्ट, थोडी भाषांतरं आणि बाहेरच्या काही प्रकल्पांचे मिरर (हुबेहूब प्रती) असा सगळा संसार तिथे आहे. पहिल्या पानावर रेपोंची यादी येते: नाव, वर्णन, मालक आणि त्यापुढे ‘आयडल’ नावाचा रकाना. रेपोत शेवटची हालचाल होऊन किती काळ लोटला, हे त्या रकान्यानं सांगायचं असतं.

आज सकाळी यादीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे ‘६ अवर्स’ होतं. २०१९ पासून कुणी हात न लावलेल्या जुन्या फाँट-स्क्रिप्टपुढेसुद्धा. गेल्या आठवड्यात एका नव्या विद्यार्थ्यानं नेमका त्याच रेपोसाठी पॅच (सुचवलेला बदल) पाठवला. पॅच चांगला आहे, नीट तपासून केलेला आहे. पण ते काम कधीच दुसऱ्या रेपोत हललंय. हाच रेपो का निवडलास असं विचारल्यावर त्यानं लिहिलं, ‘यादीत ताजा दिसला म्हणून.’ त्याचा दोष शून्य. नव्या माणसाकडे कुठला प्रकल्प जिवंत आहे हे ओळखायला त्या एका रकान्याशिवाय काहीच नसतं. जुन्या मंडळींना तोंडपाठ असतं, म्हणून त्यांना ही अडचण जाणवत नाही.

पॅच योग्य रेपोत कसा न्यायचा ते त्याला लिहून पाठवलं. आणि रकान्याचं काम हातात घेतलं.

३ जून

सीगिटचा स्रोत वाचला. सीमध्ये लिहिलेला, आटोपशीर कोड आहे. मूळ लेखक लार्स येमली, सध्या जेसन डोनेनफेल्ड सांभाळतात (वायरगार्ड हे व्हीपीएन-साधन करणारे तेच). यादी छापणाऱ्या फाइलीत वेळ काढायचं एक छोटं फंक्शन आहे आणि ते तीन ठिकाणी, ठरलेल्या क्रमानं पाहतं.

आधी ‘एजफाइल’. रेपोच्या आत ‘इन्फो/वेब/लास्ट-मॉडिफाइड’ या नावाची साधी मजकूर-फाइल असेल, तर तिच्यात लिहिलेली तारीख वाचायची. ही मूळ जागा आहे, ‘सीगिटआरसी’ या सेटिंग-फाइलीत बदलता येते. ती नसेल किंवा तिच्यातून तारीख निघाली नाही, तर ‘रेफ्स/हेड्स’खालच्या मुख्य ब्रँचच्या (कामाच्या शाखेच्या) फाइलीची डिस्कवरची बदल-वेळ. तीही नसेल तर ‘पॅक्ड-रेफ्स’ या, अशा नोंदी एकत्र ठेवणाऱ्या फाइलीची बदल-वेळ. तिन्ही हुकलं तर रकाना कोरा.

म्हणजे एजफाइल कुणी लिहिली नसेल तर सीगिट कमिट (नोंदवलेला बदल) उघडून बघतच नाही, फाइलसिस्टिमला विचारतं. हा निर्णय मला समजतो. गिटबरोबर येणारं पर्लमधलं गिटवेब याच रकान्यासाठी प्रत्येक रेपोमागे एक गिट प्रक्रिया सुरू करतं. ते इतकं जड पडतं की तो रकानाच गाळायची सोय त्यांना सेटिंगमध्ये द्यावी लागली. सीगिट नुसती फाइलीची वेळ विचारतं, म्हणून शेकडो रेपोंची यादीही चटकन येते. वेग हवाच आहे. फक्त खरी वेळ कुणीतरी आधीच लिहून ठेवायला हवी, आणि ते काम सीगिटनं सर्व्हर चालवणाऱ्यावर सोडलंय.

वाचताना आणखी एक कोडं सुटलं. ब्रँचचं नाव सेटिंगमध्ये दिलेलं नसेल तर यादीपुरतं सीगिट ‘मास्टर’ धरून चालतं. आमचे अलीकडचे रेपो ‘मेन’ वापरतात. तिथे ‘मास्टर’ नावाची फाइलच नाही, आणि रेपो नवा असल्यानं ‘पॅक्ड-रेफ्स’ही नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त काम चालू असलेल्या रेपोंपुढेच रकाना कोरा दिसत होता. जुने ताजे आणि ताजे कोरे, अशी ही यादी उलटी झालेली.

४ जून

कागदावर पटलेलं डिस्कवर पाहिलं. शब्दयादीच्या रेपोत ‘मास्टर’ची फाइल आहे ४१ बाइटची: शेवटच्या कमिटची ओळख सांगणारा चाळीस अक्षरी हॅश आणि ओळ संपल्याची खूण. तिच्या आत तारीख वगैरे काही नाही. फाइलीची बदल-वेळ आज सकाळची, शेवटचा पुश (बदल सर्व्हरवर चढवणं) तेव्हाच झाला होता. इथवर सगळं बरोबर.

मग रेपोची एक प्रत काढून तिच्यावर ‘गिट जीसी’ (गिटची साफसफाई) चालवलं. ‘मास्टर’ची फाइल गायब झाली. तिचा हॅश ‘पॅक्ड-रेफ्स’मध्ये एक ओळ होऊन बसला, बाकी ब्रँच आणि टॅगही (आवृत्तीच्या खुणा) तिथेच. त्या फाइलीची बदल-वेळ आत्ताची, म्हणजे जीसी चालल्याची. पुन्हा जीसी चालवलं. नवीन बांधण्यासारखं काही नव्हतं, तरी फाइल परत लिहिली गेली आणि वेळ पुढे सरकली.

आमच्या सर्व्हरवर दर रात्री नवे सोडून बाकी रेपोंची साफसफाई होते. रोज सकाळी ते सगळे सारखेच ताजे दिसायचं कारण एवढंच. साफसफाई आवश्यक आहे, ती बंद करणार नाही. सर्व्हर बदलताना फाइली बदल-वेळ न जपता हलवल्या तरी हेच होईल.

आणि एक भोक, जे जीसीशी संबंधित नाही: सीगिट एकच ब्रँच पाहतं. शब्दयादीच्या रेपोत कोंकणी शब्दांची वेगळी ब्रँच आहे, गोव्यातली मंडळी तिथे सातत्यानं भर घालतात. मुख्य ब्रँच शांत असेल तेव्हा त्यांचं काम यादीत दिसतच नाही. हे मला जीसीच्या घोळापेक्षा जास्त लागलं.

९ जून

एजफाइल लिहायची हे ठरलं. आता तिच्यात कुठली वेळ लिहायची, यावर शब्दयादी सांभाळणाऱ्या मैत्रिणीशी बराच वेळ बोलणं झालं.

प्रत्येक कमिटमध्ये दोन वेळा असतात. एक लेखकाची, बदल मुळात लिहिला तेव्हाची. दुसरी कमिट करणाऱ्याची, हा कमिट या रूपात तयार झाला तेव्हाची. दोन्हींमध्ये १९७० पासूनचे सेकंद आणि पुढे ‘+०५३०’सारखा वेळ-फरक. शिवाय तिसरी वेळ आहे ती पुश सर्व्हरवर पोचल्याची. ती कमिटमध्ये कुठेच नसते. सरकारी कचेरीत अर्जावर अर्जदारानं घातलेली तारीख वेगळी आणि आवक शिक्क्याची तारीख वेगळी, तसं हे आहे.

सीगिटच्या स्रोतासोबत एजफाइल लिहिणाऱ्या हुकचा (ठरावीक घटनेला आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचा) एक नमुना येतो. तो लेखकाची वेळ घेतो. आमच्याकडे ते चालणार नाही. शब्दयादीतली निम्मीअधिक भर ईमेलनं येते, मैत्रीण ती तपासते आणि सवडीनं ‘गिट एएम’नं आत घेते. एएम लेखकाची मूळ वेळ जपतं. तिनं काल रात्री जागून आत घेतलेली भर मार्चमध्ये लिहिलेली असेल, तर रेपो मार्चपासून पडून आहे असं दिसेल.

‘अरे, तपासणं हेही कामच आहे ना?’ ती म्हणाली. ‘एकेका शब्दाचं सामान्यरूप बघते मी, तेव्हा तो शब्द आत जातो.’

बरोबर आहे. शिवाय सीगिट स्वतः लॉगच्या पानावर कमिटची वेळ वापरतं. यादीत एक आणि आतल्या पानावर दुसरंच, असं नको.

मग पुशची वेळच का घेऊ नये? त्यावरही विचार केला. कुणी नवं काम नसलेली ब्रँच ढकलली, जुनी ब्रँच पुसली, चार वर्षांपूर्वीचा इतिहास दुसरीकडून आणून चढवला, तर यातल्या प्रत्येक वेळी पुश होतो आणि रेपो ताजा ठरतो. वाचणाऱ्याला मात्र शेवटचं काम कधी झालं ते हवं असतं. तर कमिटची वेळ, आणि ती सगळ्या ब्रँचमधून जी सगळ्यात अलीकडची असेल ती.

टॅगचा प्रश्न उरला. जुन्याच कमिटवर आज आवृत्तीचा टॅग लावला तर ती हालचाल धरायची का? माझ्या मते धरायची. आवृत्ती काढणं म्हणजे बांधणी, चाचणी, बदलांची यादी लिहिणं आलं. टीप जोडलेल्या टॅगला कमिटची वेळ नसते, टॅग करणाऱ्याची असते. म्हणून कमिट-वेळेवर क्रम लावला तर असे टॅग हाती लागत नाहीत. गिटमध्ये ‘क्रिएटरडेट’ नावाचं क्षेत्र आहे, ते टॅग असेल तर टॅगची वेळ देतं आणि कमिट असेल तर कमिटची. ब्रँच आणि टॅग दोन्ही एका दमात मिळतात. तेच वापरायचं ठरलं.

११ जून

हुक लिहिला. पोस्ट-रिसीव्ह प्रकारचा, म्हणजे पुश स्वीकारून झाल्यावर चालणारा. गाभा एका ओळीचा आहे: ‘गिट फॉर-ईच-रेफ’ला सांगायचं की ब्रँच आणि टॅग यांमधून क्रिएटरडेटनुसार सगळ्यात नवा एकच रेफ (ब्रँच किंवा टॅगची नोंद) दे, आणि त्याची तारीख आयएसओ पद्धतीनं छाप. बाकी ओळी आजूबाजूची काळजी घेतात.

नमुना हुक तारीख थेट एजफाइलवर वळवतो. शेल आधी फाइल रिकामी करतं, मग आज्ञा चालते. मोठ्या रेपोत हजारो टॅग असतील तर प्रत्येकाची वस्तू उघडून तारीख वाचावी लागते, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात कुणी यादी उघडली तर सीगिटला रिकामी फाइल मिळते आणि ते मुकाट्यानं डिस्कच्या वेळेकडे वळतं. कॅश (तयार पानांचा तात्पुरता साठा) चालू असेल तर ती खोटी वेळ काही मिनिटं सगळ्यांना दिसते. म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहायची, ती रिकामी नाही हे पाहायचं आणि मग नाव बदलून जागेवर आणायची. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका घावात होतं, अर्धवट अवस्था कुणाला दिसत नाही.

भविष्यातल्या तारखा. कुणाच्या लॅपटॉपचं घड्याळ पुढे असेल तर कमिट पुढच्या वर्षीची येते. सीगिट अशा वेळी उणे काळ शून्य धरतं, म्हणजे तो रेपो पुढचं वर्ष उजाडेपर्यंत ‘० मिनिटं’ दाखवत बसेल आणि वेळेनुसार क्रम लावला तर कायम डोक्यावर. म्हणून मिळालेली तारीख आत्तापेक्षा पुढची असेल तर हुक पुश पोचल्याची वेळ लिहितो. याउलट घड्याळ मागे असेल तर मी हात घालत नाही. जुन्या तारखेचा कमिट खरोखरच जुना असू शकतो आणि हुकला फरक कळायचा मार्ग नाही.

पोस्ट-रिसीव्ह जे काही छापतो ते पुश करणाऱ्याच्या टर्मिनलवर ‘रिमोट’ म्हणून उमटतं. भाषांतर करणाऱ्या माणसाला आमच्या फोल्डरच्या परवानग्यांची तक्रार दिसायला नको, त्याला वाटेल आपलंच काही बिघडलं. हुकचा सगळा आवाज सर्व्हरच्या लॉगकडे वळवला.

१२ जून

हुक सगळ्या रेपोंत पोचवायचा. आमच्याकडे प्रवेशाचं काम गिटोलाइट बघतं, सीताराम चामर्ती यांचं. त्याच्या स्थानिक कोडच्या फोल्डरात ‘हुक्स/कॉमन’मध्ये फाइल ठेवायची आणि हुकपुरतं सेटअप चालवायचं. जुन्या रेपोंत हुक जोडला जातो, पुढे तयार होणाऱ्यांतही आपोआप येतो.

गटात एक सूचना आली होती: गिटच्या सार्वत्रिक सेटिंगमध्ये ‘कोअर.हुक्सपाथ’ देऊन सगळ्यांसाठी एकच फोल्डर ठेवू. ती मी ठामपणे नाकारली. गिटोलाइट ब्रँचनिहाय लिहिण्याचा हक्क प्रत्येक रेपोतल्या ‘अपडेट’ हुकमधून तपासतं. सार्वत्रिक फोल्डर दिला की गिट रेपोतले हुक बघणंच सोडतं. वेळेचा रकाना सुधारता सुधारता मुख्य ब्रँचवर कुणालाही लिहिता आलं असतं, आणि काही तुटलंय असंही वाटलं नसतं. ज्यांच्याकडे गिटोलाइट आहे त्यांनी हा रस्ता धरू नये.

परवानग्या. गिटोलाइट मुळात ००७७ हा युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा) ठेवतं, म्हणजे गिट वापरकर्त्याखेरीज कुणालाच वाचता येत नाही. आम्ही तो आधीच ००२७ केलाय आणि वेब सर्व्हर गिटच्या गटात आहे. तरी ‘इन्फो/वेब’ हे फोल्डर वेबच्या वापरकर्त्यानं वाचून पाहिलं. हे तपासायलाच हवं, कारण एजफाइल वाचता आली नाही तर सीगिट एररही देत नाही, निमूट पुढच्या पर्यायाकडे जातं. वरवर सगळं चाललेलं दिसतं आणि वेळ मात्र खोटीच राहते.

१३ जून

जुन्या रेपोंना पुश होईपर्यंत एजफाइल मिळणार नाही, आणि पडून असलेल्या रेपोंना पुश होतच नाही. खरी गरज त्यांचीच. म्हणून हुकचा गाभा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये काढला आणि सगळ्या रेपोंवरून एकदा फिरवला.

ही फेरी गिट वापरकर्त्याच्या नावानंच चालवायची. २०२२ च्या एप्रिलमधल्या २.३५.२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत काम करायला नकार देतं, ‘संशयास्पद मालकी’ म्हणून थांबतं. तो सुरक्षेचा उपाय आहे आणि योग्य आहे. सगळे रेपो सुरक्षित माना असं सेटिंग टाकून त्याला गप्प करण्यापेक्षा योग्य वापरकर्ता वापरणं सोपं.

फेरी झाली. यादी पुन्हा उघडली. फाँट-स्क्रिप्टपुढे ‘५ इयर्स’. कोंकणी ब्रँचमुळे शब्दयादी कालची. ‘मेन’ वापरणाऱ्या रेपोंचे कोरे रकाने भरले. एक लिप्यंतराचा रेपो, जो मी मनात कधीच बाद केला होता, तीन आठवड्यांपूर्वीचा निघाला. कुणीतरी शांतपणे वेगळ्या ब्रँचवर चाचण्या लिहितंय. त्या व्यक्तीला आज लिहिलं, की हे काम मुख्य ब्रँचमध्ये घ्यायला आवडेल.

१७ जून

मिररची गोष्ट वेगळी आहे आणि या सगळ्या कामातला मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग हाच.

मिररमध्ये कुणी पुश करत नाही. आमचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बाहेरून बदल ओढून आणतो. पोस्ट-रिसीव्ह फक्त पुश स्वीकारताना चालतो, ओढताना नाही. त्यामुळे वरचा हुक इथे निरुपयोगी. गिट २.२८ पासून रेफच्या प्रत्येक व्यवहाराला चालणारा ‘रेफरन्स-ट्रान्झॅक्शन’ हुक आहे, तो ओढतानाही चालतो. पण तो एका व्यवहारात तयारी आणि पूर्तता अशा टप्प्यांवर पुन्हा पुन्हा बोलावला जातो. आमच्या कामाला तो नको तितका बारीक आहे. ओढणारी स्क्रिप्ट आमचीच आहे, तिच्या शेवटी तीच वेळ-स्क्रिप्ट बोलवली. झालं.

लिनक्स कर्नलचे रेपो ठेवणाऱ्या कर्नल.ऑर्गवाल्यांकडेही हेच केलं जातं. त्यांचं ग्रोकमिरर नावाचं साधन मिरर अद्ययावत करताना एजफाइलही लिहितं. त्याच्या यादीत प्रत्येक रेपोची एक ‘ठशा’सारखी खूण असते, सगळ्या रेफच्या यादीचा हॅश. खूण बदलली नसेल तर रेपोला हात लावायची गरज नाही. तेवढी कल्पना मी उचलली: ओढण्याआधी आणि नंतर रेफच्या यादीचा हॅश घ्यायचा, तोच असेल तर मोठ्या मिररमधले हजारो टॅग उघडत बसायचं नाही.

गिटहबवरच्या प्रकल्पाचा पूर्ण मिरर केला की पुल रिक्वेस्टचे रेफही सोबत येतात. कुणी तिऱ्हाइतानं पाठवलेला, कधीच आत न घेतलेला बदलसुद्धा. आम्ही फक्त ब्रँच आणि टॅग पाहतो, म्हणून ते वेळेत मिसळत नाहीत. नऊ तारखेला फक्त आपल्या रेपोंचा विचार करून ठरवलेली मर्यादा इथेही कामी आली.

आता खरा प्रश्न. मिररपुढे ‘८ मंथ्स’ दिसतंय. याचा अर्थ काय? मूळ प्रकल्पात आठ महिने काम झालं नाही, की आमचं ओढणं आठ महिने बंद पडलंय? पत्ता बदलला, प्रमाणपत्र संपलं, मूळ रेपो दुसरीकडे हलला, यातलं काहीही झालं तरी रकाना तेच दाखवणार. पूर्वीची खोटी वेळ निदान सगळ्यांना सारखीच फसवत होती. ही वेळ बरोबर असूनही फसवेल, आणि बरोबर दिसत असल्यानं कुणी शंकाही घेणार नाही. एखाद्या प्रकल्पावर मृत्यूचा शिक्का आमच्या बंद पडलेल्या क्रॉनमुळे बसावा, हे मला मान्य नाही.

म्हणून मिररना दोन वेळा हव्यात: मूळ प्रकल्पातलं शेवटचं काम, आणि आमचा शेवटचा यशस्वी ताळा. पहिली रकान्यात आहेच. दुसरी कुठे? सीगिटला नवा रकाना जोडायचा तर सी कोड बदलून स्वतःची आवृत्ती सांभाळत बसावं लागेल. त्यापेक्षा रेपोच्या ‘डिस्क्रिप्शन’ फाइलीत लिहायचं. ओढणं यशस्वी झालं की स्क्रिप्ट वर्णनाच्या सुरुवातीला ‘मिरर, ताळा १७ जून’ एवढं लिहिते आणि पुढे मूळ वर्णन. सुरुवातीलाच लिहायचं, कारण यादीत वर्णन ८० अक्षरांनंतर तोडलं जातं. ओढणं फसलं तर स्क्रिप्ट वर्णनाला हात लावत नाही, जुनी तारीख तशीच राहते आणि तीच सूचना ठरते.

लावल्याबरोबर एका मिररवरची तारीख आज बदलली नाही. मूळ प्रकल्पानं घर बदललंय. नवा पत्ता घातला.

२० जून

किरकोळ. पान लगेच बदलत नाही अशी विचारणा आली. आमच्याकडे कॅश चालू आहे आणि यादीचं पान पाच मिनिटं जुनं असू शकतं, सीगिटची मूळ मुदतच ती आहे. रेपो शोधून काढलेली यादी पंधरा मिनिटं टिकते, त्यामुळे वर्णनातली ताळ्याची तारीख थोडी आणखी उशिरा दिसते. दोन्ही तशाच ठेवल्या.

यादी वेळेनुसार लावावी का? ‘रिपॉझिटरी-सॉर्ट’ला ‘एज’ दिलं की होतं. मी नावानुसारच ठेवली. कीबोर्डचा आराखडा तयार झाला, लोक रोज वापरतात, त्यात बदलायचं काही उरलं नाही. त्याला तळाला ढकलणं अन्याय आहे. ज्याला ताजं हवं त्यानं रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करावं, क्रम लागतो.

याच कारणासाठी रंगही बदलले. सीगिट वयानुसार मजकूर फिका करतं: मिनिटं ठळक हिरवी, वर्षं अगदी फिकट करडी. पांढऱ्यावर त्या करड्याचं रंगांतर जेमतेम १.९ला १ येतं, सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला ४.५ला १ लागतं. आमच्यातल्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांना तो आकडा वाचताच येत नव्हता. महिने आणि वर्षं दोन्हींना गडद करडा दिला. जुनं काम जुनं दिसावं, पण दिसावं.

२४ जून

वेळ-क्षेत्र तपासलं. आमची माणसं पुण्यात, पणजीत आणि काही कॅलिफोर्नियात. क्रम सेकंदांवर लागतो, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. एजफाइलमधल्या तारखेला वेळ-फरक जोडलेला हवा, नाहीतर ती सर्व्हरच्या घड्याळानुसार वाचली जाईल. आयएसओ पद्धतीत तो येतोच.

एक मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं. यादीतल्या वेळेवर माउस नेला की पूर्ण तारीख दिसते ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). पुण्यात पहाटे एक वाजता केलेलं काम तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसातचं दिसतं. रात्री काम करणाऱ्यांना वाटतं आपली तारीख चुकली. चुकलेली नाही.

आणि यादीच्या पानावर वेळ कायम ‘इतके दिवस, इतके महिने’ अशीच येते, आतल्या लॉगमध्ये मात्र दोन आठवड्यांहून जुन्या कमिटपुढे थेट तारीख. शिवाय सीगिट एकक बदलायला दुप्पट वाट बघतं: ४७ तास म्हणजे ४७ तासच, ४८ झाले की २ दिवस. ‘१ दिवस’ असं ते कधी म्हणत नाही. मला हे आवडतं. ‘१ दिवस’ म्हणजे २५ तास की ४७, हा प्रश्नच उरत नाही.

३० जून

रेफटेबल. गिट २.४५ पासून रेफ ठेवायची ही नवी पद्धत आली आहे. तिच्यात ‘पॅक्ड-रेफ्स’ नाही, ब्रँचच्या सुट्या फाइली नाहीत. म्हणजे सीगिटचे दुसरा आणि तिसरा पर्याय तिथे मुळातच संपतात. एजफाइल साधी फाइल असल्यानं ती तरीही चालेल. पण सीगिट गिटचा कोड स्वतःच्या पोटात घेऊन बांधलं जातं, आणि १.२.३ आवृत्तीच्या पोटात गिट २.२५ आहे. ते रेफटेबल वाचू शकत नाही. सीगिटला ते जमेपर्यंत सर्व्हरवर कुणी असा रेपो तयार करू नये, हे गटाच्या सूचनांमध्ये घातलं.

४ जुलै

रात्रीच्या साफसफाईआधी यादीची एक प्रत ठेवली, सकाळी पुन्हा घेतली आणि दोन्ही ताडून पाहिल्या. रात्रीतून ज्यांना खरोखर पुश झाला तेवढेच रेपो बदललेत. बाकी सगळे तेवढ्याच तासांनी जुने झालेत, जसे व्हायला हवेत.

एक काम राहिलं होतं ते आज केलं. एजफाइल गिटच्या इतिहासाचा भाग नाही. आमचा दुसऱ्या जागेवरचा बॅकअप मिरर-क्लोनच्या रूपात आहे, त्यात ती येत नाही. बॅकअपवरून सर्व्हर उभा करायची वेळ आली तर सगळे रेपो पुन्हा त्याच दिवसाचे दिसतील. म्हणून पुनर्बांधणीच्या टिपणात हुक बसवण्याच्या पायरीनंतर वेळ-स्क्रिप्टची फेरी ही पायरी घातली, गिट वापरकर्त्याच्या नावानं चालवायची या सूचनेसह. मिररच्या वर्णनातली ताळ्याची तारीखही तिथे हरवते, ती पहिल्या यशस्वी ओढण्याला परत येईल.

जुन्या फाँट-स्क्रिप्टच्या वर्णनात नव्या रेपोचं नाव लिहिलं. त्या विद्यार्थ्याचा पॅच काल नव्या जागी आत घेतला गेला.